मदत हवी आहे: लीन सुरू करायचंय, ५एस दोन महिन्यांत ढेपाळलं, आता सुरुवात कुठून?

प्रॉडक्शनवाला

नमस्कार मंडळी. पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या शॉपसाठी सल्ला हवा आहे. ८ प्रकारचे ब्रॅकेट, सगळे मिळून रोजची मागणी ६०० नग. एकच पाळी, सुट्ट्या वजा जाता ४२० मिनिटं हातात. क्रम असा: पॉवर प्रेस (प्रत्येक ब्रॅकेटला दोन डाय, ब्लँकिंग आणि बेंडिंग), मग टॅपिंग (भोकात आटे पाडणं), स्पॉट वेल्डिंग, पावडर कोटिंग, पॅकिंग.

एका नगाचा वेळ: प्रेसवर एका ठोक्याला ६ सेकंद, टॅपिंग ३०, वेल्डिंग ४८, पॅकिंग २५. डाय बदलायला ९० मिनिटं जातात, म्हणून एकदा डाय चढली की १,५०० नग काढल्याशिवाय उतरवत नाही. प्रेस आणि टॅपिंगच्या मध्ये साधारण ६,००० नग पडून असतात, वेल्डिंगच्या आधी १,५००, कोटिंग-पॅकिंगच्या आधी मिळून आणखी १,५००. रिजेक्शन ४ टक्के, तेही बहुतेक कोटिंगनंतर कळतं. रोज ओव्हरटाइम करूनही डिलिव्हरी उशिराच.

मालकांच्या आग्रहाने ५एस (जागा आवरून, वस्तू ठरल्या जागी ठेवण्याची पद्धत) केलं होतं. पट्टे मारले, फलक लावले, दोन महिन्यांत जैसे थे. आता "लीन आणा" (वाया जाणारा वेळ-माल कमी करणारी टोयोटाची पद्धत) म्हणतात. आधी कशाला हात घालू? नवीन मशीनचा प्रस्ताव मंजूर होणार नाही.

---

चक्रमापक

आकडे दिलेत हे फार बरं केलं. त्यातच अर्धं उत्तर आहे.

पडून असलेला माल ९,००० नग, रोज बाहेर जातात ६००. म्हणजे आज प्रेसवर मारलेला ब्रॅकेट सरासरी १५ दिवसांनी गाडीत चढणार. त्यावर प्रत्यक्ष हात फिरतो तो दोन-अडीच मिनिटं, अधिक कोटिंगच्या भट्टीतला वेळ. बाकी सगळं वाट पाहणं.

आता टॅक्ट टाइम, म्हणजे मागणी भागवायला एका नगामागे मिळणारा वेळ. ४२० मिनिटं म्हणजे २५,२०० सेकंद, भागिले ६०० = ४२ सेकंद. पण ४ टक्के बाद होतात, म्हणजे ६०० चांगले मिळायला ६२५ करावे लागतात, आणि मग नगामागे ४०.३ सेकंदच उरतात. तुमचं वेल्डिंग ४८ वर आहे. पाळीभर न थांबता चाललं तरी ५२५ नग, त्यातले चांगले ५०४. रोजचा ओव्हरटाइम इथून येतो. प्रेस कितीही पळवली तरी याच्यात एक नगाची भर पडणार नाही, ढीग तेवढा वाढेल.

वेल्डिंगच्या टिप (इलेक्ट्रोडची टोकं) घासणं, बारीकसारीक बंद पडणं धरून वेल्डिंगचं लक्ष्य ३६ सेकंद ठेवा. त्यासाठी नवीन मशीन लागत नाही. स्टॉपवॉच घेऊन सलग १० नगांचं काम टप्प्याटप्प्याने मोजा: बिनमधून उचलणं, गुंतलेले नग सोडवणं, फिक्स्चरमध्ये बसवणं, क्लॅम्प, वेल्ड, काढणं, ठेवणं. चार स्पॉट असतील तर प्रत्यक्ष वेल्डला १०-१२ सेकंद पुरतात, उरलेले सगळे हातांचे. बिन जमिनीवर असेल तर कमरेच्या उंचीला आणा आणि हात लांबवून मिळेल इतकं जवळ ठेवा. जोडीचे दोन तुकडे दिशा लावून ट्रेमध्ये रचून देण्याचं काम टॅपिंगवाल्याकडे द्या. त्याचे ३० चे ३६ होतील, तरी तो टॅक्टच्या आत राहतो.

५एस का ढेपाळलं ते यावरून कळेल. पूर्ण शॉपभर एकदम केलंत, पण त्यातून कुठल्याच अडचणीचं उत्तर मिळालं नाही. आता फक्त डायचा रॅक आणि वेल्डिंगचं टेबल एवढ्यापुरतं करा.

---

स्पॅनर

वरच्याशी सहमत, पण ५एसला इतकं मोडीत काढू नका. डाय बदलायच्या ९० मिनिटांत शोधाशोधच किती असते ते मोजा, मग कळेल.

डाय बदलाचं काम असं करा. एका पूर्ण बदलाचा व्हिडिओ घ्या, जुन्या बॅचचा शेवटचा चांगला नग ते नव्या बॅचचा पहिला चांगला नग. मग ऑपरेटर आणि फिटरला सोबत बसवून प्रत्येक कृतीपुढे मिनिटं लिहा आणि एकच प्रश्न विचारा: प्रेस चालू असताना हे करता आलं असतं का? जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी मांडलेली पद्धत ती हीच, आणि बदल १० मिनिटांच्या आत, म्हणजे एका अंकी मिनिटांत आणणं हे तिचं ध्येय. तुम्हाला आधी ३० पुरे आहेत.

चालू प्रेसवर उरकण्यासारखी कामं: पुढची डाय रॅकमधून काढून ट्रॉलीवर प्रेसशेजारी आणणं, बोल्ट-क्लॅम्प-पाने एका ट्रेमध्ये मोजून ठेवणं, डाय पुसून धार तपासणं, पुढच्या नगाचा पत्रा जवळ आणून ठेवणं.

प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामं मग छोटी करायची. सगळ्या डायची शट हाइट (प्रेस खाली आल्यावरची डायची उंची) एकसारखी करा: कमी उंचीच्या डायखाली कायमची ग्राइंड केलेली समांतर प्लेट बोल्ट करून टाका. यामुळे दरवेळी रॅम वरखाली करून अंदाज घेणं बंद होतं. क्लॅम्पिंगची कडही एकाच जाडीची ठेवा, म्हणजे एकाच लांबीचे बोल्ट चालतात. बोल्स्टरवर (डाय बसते त्या प्रेसच्या प्लेटवर) लोकेटिंग पिना बसवा, डाय ठोकून ठोकून सरळ करायला नको. डायखाली सारायच्या सुट्या चकत्या शॉपमधून हद्दपार.

आणि पहिला नग पास करायला क्वालिटीच्या माणसाची वाट पाहण्यात किती वेळ जातो ते वेगळं लिहा. तिथे गो-नो-गो गेज (नग मापात आहे की नाही एवढंच दाखवणारं) प्रेसवरच ठेवा आणि पास करायचा अधिकार सेटरला द्या.

एक इशारा. प्रेस चालू असताना तयारी करायची म्हणजे गार्ड उघडून हात घालायचा असं नव्हे. डाय बसवताना मेन स्विच बंद आणि कुलूपबंद, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. वेळ वाचवायला पहिली काट इथेच मारली जाते.

---

चक्रमापक

स्पॅनरच्या मुद्द्याला जोडून गणित. रोजच्या ६०० नगांना दोन ठोके, प्रत्येकी ६ सेकंद: १२० मिनिटं. ४२० मधून उरली ३००. पत्रा बदलणं, बिघाड यांना ३० द्या. उरली २७०. ९० मिनिटांच्या हिशोबाने दिवसाला ३ बदल बसतात. ८ प्रकार गुणिले २ डाय म्हणजे एका फेरीला १६ बदल, म्हणजे ५.३ दिवसांत सगळे प्रकार एकदा निघतात.

एका प्रकाराची सरासरी मागणी रोज ७५. मग ५.३ दिवसांची बॅच होते ४०० नगांची, १,५०० ची नव्हे! १,५०० म्हणजे २० दिवसांचा माल. आजच्याच ९० मिनिटांत बॅच पावपट करता येते आणि प्रेसनंतरचा ढीग ६,००० वरून सरासरी १,६०० वर येतो. बदल ३० मिनिटांवर आणलात तर रोज ९ बदल, फेरी १.८ दिवसांत, बॅच १३५ च्या आसपास.

म्हणून विचारतो, बॅच १,५०० ची का? "डाय बदलायला वेळ लागतो" हे कारण तुमच्याच आकड्यांत बसत नाही.

---

प्रॉडक्शनवाला

खरं सांगायचं तर प्रेस ऑपरेटरला नगावर इन्सेंटिव्ह आहे. डाय बदलण्याचा वेळ त्यात धरत नाहीत. त्यामुळे डाय उतरवा म्हटलं की तोंड वाकडं होतं. सुपरवायझरच्या रोजच्या रिपोर्टमध्येही "प्रेसचा वापर टक्के" हा रकाना आहे.

---

रात्रपाळी

मग मूळ सापडलं. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी सांगितलेल्या सात अपव्ययांत अतिउत्पादन सगळ्यात वाईट मानलं जातं, कारण साठा, ने-आण, हाताळणी, उशिरा सापडणारे दोष हे त्याच्या पोटातूनच निघतात. तुम्ही त्यालाच बक्षीस देताय.

इन्सेंटिव्ह न बदलता बॅच लहान केलीत तर ऑपरेटरच्या खिशाला थेट चाट. तो सहकार्य का करेल? आधी गेल्या ३ महिन्यांच्या इन्सेंटिव्हची सरासरी काढून तेवढी रक्कम लेखी हमीने द्या. त्यावरचा वाढीव भाग पॅक झालेल्या चांगल्या नगांवर ठेवा, सगळ्या लाइनला मिळून. लीनमुळे कुणाला घरी पाठवणार नाही हेही त्याच कागदावर मालकांच्या सहीने यायला हवं. तोंडी आश्वासनावर कुणी व्हिडिओ काढू देणार नाही.

रिपोर्टमधला वापराचा रकाना पुसून टाका. प्रेस रिकामी उभी असणं हा गुन्हा नाही, वेल्डिंग उभं राहणं आहे. वेल्डिंगपाशी तासावार फलक लावा: योजना ९० (बाद नग धरून), प्रत्यक्ष, कारण. कारणात माणसाचं नाव नको, "टिप बदलली", "नग संपले" असं लिहा. सुपरवायझरने दर दोन तासांनी तिथे जाऊन सही करायची. नाहीतर आठवड्याभरात संध्याकाळी एकदम भरलेला फलक दिसेल.

---

पत्रातज्ज्ञ

४ टक्क्यांबद्दल. कोटिंगनंतर सापडतं म्हणजे नेमकं काय?

---

प्रॉडक्शनवाला

दोनच गोष्टी जास्त: आट्यांमध्ये पावडर भरते, आणि वेल्डचे छर्रे कोटिंगखाली फोडासारखे दिसतात.

---

पत्रातज्ज्ञ

आट्यांसाठी उष्णता सहन करणारे सिलिकॉनचे प्लग. कोटिंगनंतर पुन्हा टॅप मारत असाल तर ते बंद करा, त्याने आटे सैल होतात. प्लग भट्टीत जाऊन येतात आणि पुन्हा वापरता येतात, पण कडा फाटलेले बाजूला काढत राहा.

छर्ऱ्यांची तीन नेहमीची कारणं: करंट जास्त, टिपचा दाब कमी, किंवा दोन पत्र्यांत फट. फट बहुतेक बरमुळे (कापलेल्या कडेवर उरलेल्या कंगोऱ्यामुळे) पडते, म्हणजे ब्लँकिंग डायची धार गेलेली. टिप चपटी होत गेली की क्षेत्रफळ वाढतं, वेल्ड कमजोर होतो, मग ऑपरेटर करंट वाढवतो आणि नव्या टिपवर तोच करंट छर्रे उडवतो. ठरावीक स्पॉटनंतर टिप घासायचीच असा काउंटर लावा. दर पाळीला आणि टिप घासल्यावर पहिला नग छिन्नीने फोडून बघा: पत्र्यातून बटण उपटून आलं पाहिजे, सांधा सपाट सुटला तर थांबवा.

आणि १,५०० ची बॅच असताना बर कोटिंगनंतर कळला, तर मधले शेकडो नग तसेच बनून बसलेले असतात. लहान बॅचचा हा फायदा कुणी मोजत नाही.

---

ताळेबंद

एक सूचना, मालकांना आधीच सांगा. साठ्याच्या किमतीत कारखान्याचा वरखर्च धरलेला असतो. साठा ९,००० वरून खाली येताना तो अडकलेला वरखर्च त्या महिन्यांच्या नफा-तोट्यात उतरतो. हातात पैसा वाढतो, पण कागदावर नफा घटलेला दिसतो. हे माहीत नसेल तर तिसऱ्या महिन्यात "लीनने नुकसान झालं" म्हणून गाशा गुंडाळला जातो.

---

प्रॉडक्शनवाला

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: प्रेस आणि टॅपिंगच्या मध्ये कानबानचे (बिनचं कार्ड परत आलं की तेवढाच माल पुन्हा बनवायचा, त्या पद्धतीचे) किती बिन ठेवू? सगळ्यात चालणारा प्रकार रोज १५० जातो, सगळ्यात कमी २०. बिनमध्ये २५ नग बसतात.

---

चक्रमापक

रोजची मागणी × पुन्हा भरायला लागणारे दिवस × १.२५ (पाव भाग राखीव), भागिले बिनचे नग. आजच्या ९० मिनिटांवर फेरी ५.३ दिवसांची, ६ धरा. १५० × ६ × १.२५ ÷ २५ = ४५ बिन. त्यातली ३२ कार्डं फलकावर परत आली की डाय चढवायची, तेव्हा १३ बिन म्हणजे दोन दिवसांचा माल शिल्लक असतो. ८०० नगांना दोन डाय बदल धरून साधारण ३४० मिनिटं लागतात, म्हणजे एक दिवस हाताशी राहतो. बदल ३० मिनिटांवर आला की ६ च्या जागी ३ दिवस घाला, २३ बिन होतील.

रोज २० वाल्याला कानबान नको, ऑर्डर आली की करा.

एकदम ४५ चे २३ करू नका. आठवड्याला एक बिन काढा, लाइन अडली की थांबा आणि अडण्याचं कारण दूर करूनच पुढचा काढा. बाद नग बिनमध्ये ठेवायचा नाही, त्याला वेगळा लाल डबा, नाहीतर कार्डावरचे २५ आणि बिनमधले २५ जुळत नाहीत. कार्ड पहिला नग उचलतानाच काढायचं, बिन रिकामा झाल्यावर नव्हे. आणि कार्ड नसेल तर प्रेस थांबवायची. त्या वेळात ऑपरेटरने पुढची डाय ट्रॉलीवर आणून ठेवायची.

---

स्पॅनर

आधी १५० वाल्या एकाच प्रकारावर चालवून बघा. आठही एकदम नकोत. आणि पहिल्या व्हिडिओतली मिनिटं इथे टाका, कुठे कापता येईल ते बघू.