उष्णतेने दिशा कशी ठरेल?

अ‍ॅझोबेन्झीन या प्रकाशात आकार बदलणाऱ्या रसायनाची पातळ फिल्म उजेडाने तापते म्हणून तिच्यातले रेणू वळतात, असं म्हणतात; ते पटत नाही. मग प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची दिशा, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र ज्या रेषेत कंप पावतं ती, बदलली की रेणूही दिशा का बदलतात?

अ‍ॅझोबेन्झीनचा लांबट 'ट्रान्स' रेणू साधारण 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात वाकून 'सिस' होतो. निळ्या प्रकाशात किंवा नुसता अंधारात ठेवला तरी परत सरळ. खरी गंमत पुढे आहे. ध्रुवीकृत प्रकाश प्रामुख्याने त्याच्या विद्युतक्षेत्राला समांतर असलेले रेणूच शोषतात. ते वाकतात, सरळ होतात, दरवेळी जरा वेगळ्या दिशेला. काटकोनात पोचलेला जवळपास काहीच शोषत नाही, म्हणून तिथेच अडकतो. हळूहळू गर्दी तिकडेच.

ज्यांच्याकडे अशी फिल्म आहे त्यांनी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या तपकीर गल्लीतून मोडका एलसीडी पडदा आणावा. त्यावरचे दोन पोलरॉइड (एकाच दिशेत ध्रुवीकृत प्रकाश जाऊ देणारे पातळ पापुद्रे) एकमेकांना काटकोनात धरून मध्ये फिल्म ठेवली की प्रकाश पडलेला ठिपका उजळ दिसतो. फक्त तो प्रकाश पोलरॉइडशी 45 अंशांत ध्रुवीकृत हवा; समांतर किंवा काटकोनात असेल तर सगळं काळंच.