साऊथ आफ्रिकेच्या पोटातलं लेसोथो वेगळा देश राहिलं कसं?

नकाशावेडा:
मंडळी, काल मुलगी ॲटलास बघत होती, साऊथ आफ्रिकेच्या आत बोट ठेवून म्हणे बाबा हे भोक कसलं. लेसोथो. नाव माहीत होतं, पुढे काहीच सांगता येईना. चारी बाजूंनी एकच देश, समुद्र नाही, मग शेजाऱ्याने कधीच कसं गिळलं नाही? आणि राजा आहे म्हणे, तो खरंच राज्य करतो का?

कडेकपारी:
आधी उंची बघा. त्यांचा सगळ्यात सखल भाग १४०० मीटरवर, म्हणजे आपलं महाबळेश्वर जिथे संपतं तिथे यांचा तळ, आणि सर्वोच्च शिखर ३४८२ मीटर. १८२४ मध्ये मोश्वेश्वे नावाच्या सरदाराने थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाण मांडलं, वर झरे, गुरांना चारा, चढायला मोजक्याच वाटा, थोडक्यात गडच की हो! लढायांत उधळलेल्या टोळ्यांना त्याने आसरा दिला, त्यातून बासोथो लोक घडले. १८६५ ला बोअर (डच वंशाचे गोरे शेतकरी) चालून आले, गड पडला नाही पण खालची शेती गेली, म्हणून शेवटी १८६८ ला ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं. कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन गेली ती गेलीच.

बखरवाला:
गडाचं ठीक आहे पण खरी गोम पुढे आहे. १८७१ ला ब्रिटिशांनी हा मुलूख परस्पर केप कॉलनीला, म्हणजे शेजारच्या त्यांच्याच वसाहतीला, जोडून टाकला होता. १८८० ला केपवाल्यांनी बंदुका जमा करा म्हणून फर्मान काढलं, बासोथोंनी दिल्या नाहीत, लढले, आणि केपला ते इतकं महागात पडलं की १८८४ ला मुलूख परत लंडनच्या ताब्यात. म्हणून १९१० ला शेजारच्या वसाहती एकत्र होऊन साऊथ आफ्रिकेचं युनियन झालं तेव्हा हे बाहेर राहिले. नंतर वर्णभेदवाल्या राजवटीत जायला कोण तयार होणार? ४ ऑक्टोबर १९६६ ला स्वतंत्र झाले.

चहाटळ:
राजा लेत्सिए तिसरे, मान मोठा पण कारभार पंतप्रधानाचा. खालच्या सभागृहात १२० जागा, ८० मतदारसंघातून आणि ४० पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. आज कागदावर छान, पण आधी १९७० ला हरतोय दिसल्यावर पंतप्रधान जोनाथन यांनी निवडणूकच रद्द केली, १९८६ ला लष्कर आलं, १९९८ ला तर साऊथ आफ्रिकेचं सैन्य आत घुसलं. २०२२ ला हिऱ्यांच्या धंद्यातले सॅम मातेकाने हे त्याच वर्षी पक्ष काढून जिंकले. आणि हो, चलन लोटी, साऊथ आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेलं. त्यांच्या काट्से धरणाचं पाणी साऊथ आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गकडे जातं, त्याचे पैसे मिळतात.

नकाशावेडा:
भारी! मुलीला गड आणि बंदुकांची गोष्ट सांगितली. आता विचारते, पाणी विकतात तर त्यांच्या गावात नळाला येतं का?

चहाटळ:
डोंगरातल्या कित्येक गावांत नाही. झऱ्यावरून भरून आणतात.