पिंक फ्लॉइड: अल्बम नेमके किती आणि नाव कुणावरून? खात्रीची माहिती हवी आहे

ओवी_नाशिक

नमस्कार मंडळी. बाबांनी आयुष्यभर जमवलेल्या रेकॉर्ड्स आम्ही आमच्या वाचनालयाला देतोय. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या रेकॉर्ड्स तिथे मांडून शेजारी एक माहितीफलक लावायचा आहे. मजकूर मी लिहितेय. बाबा या बाबतीत फार काटेकोर. प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरमध्ये चिठ्ठी असायची, कुठून घेतली, केव्हा घेतली. त्यांच्या नावाने लागणाऱ्या फलकावर एकही चूक नको.

स्टुडिओ अल्बम कुणी १४ सांगतं, कुणी १५, एकाने तर १७ सांगितले. घरात 'रेलिक्स' आणि 'अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्ज' आहेत, ते मोजायचे का? आणि बाबांचे एक मित्र म्हणतात की पिंक फ्लॉइड नावाचा एक अमेरिकन गायक होता, त्याच्यावरून बँडचं नाव पडलं. हे लिहू का?

तबकडी_डोंबिवली

ओवी, आधी नावाचं. तसं लिहू नका. पिंक फ्लॉइड नावाचा माणूस नव्हता, दोन माणसं होती. पिंक अँडरसन साउथ कॅरोलिनाचे आणि फ्लॉइड काउन्सिल नॉर्थ कॅरोलिनाचे, दोघेही ब्लूज गाणारे, गिटार वाजवणारे. बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याने ब्लाइंड बॉय फुलर या ब्लूज गायकाच्या एका एलपीच्या कव्हरवरच्या मजकुरात ही दोन नावं वाचली होती. १९६५ साली त्यांचा बँड 'टी सेट' या नावाने वाजवायचा. एका कार्यक्रमाला गेले तर तिथे त्याच नावाचा दुसरा बँड हजर! तेव्हा बॅरेटने दोघांची पहिली नावं जोडून दिली. सुरुवातीला 'द पिंक फ्लॉइड साउंड', मग शेवटचा शब्द गळला. पुढचं 'द' मात्र सुरुवातीच्या वर्षांत बरेचदा छापलं जायचं, त्यामुळे जुन्या छपाईत दिसलं तर चूक समजू नका.

मला यात नेहमी चटका लावणारी गोष्ट ही की 'डार्क साइड ऑफ द मून' आला तेव्हा, १९७३ मध्ये, ते दोघेही हयात होते. अँडरसन १९७४ मध्ये गेले, काउन्सिल १९७६ मध्ये. जमलं तर फलकावर त्या दोघांची पूर्ण नावं द्याच.

केदार_ठाणे

संख्येचं मी सांगतो, हा हिशेब मी स्वतः एकदा बसून केलाय. स्टुडिओ अल्बम १५. १९६७ चा 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' पहिला. मग 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' (१९६८), 'मोअर' आणि 'उमागुमा' (दोन्ही १९६९), 'ॲटम हार्ट मदर' (१९७०), 'मेडल' (१९७१), 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' (१९७२), 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), 'विश यू वेअर हिअर' (१९७५), 'ॲनिमल्स' (१९७७), 'द वॉल' (१९७९), 'द फायनल कट' (१९८३), 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन' (१९८७), 'द डिव्हिजन बेल' (१९९४) आणि 'द एंडलेस रिव्हर' (२०१४).

गोंधळ होतो तो चार-पाच ठिकाणीच. 'मोअर' आणि 'ऑब्स्क्युअर्ड' हे बार्बे श्रोडर यांच्या चित्रपटांचं संगीत, म्हणून काही जण वगळतात. 'उमागुमा'च्या दोन तबकड्यांपैकी एक कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली आहे, एक स्टुडिओत. हे तिन्ही मोजायचेच. 'रेलिक्स' (१९७१) आणि 'डान्स साँग्ज' (१९८१) हे संकलनं, ते १५ मध्ये नाहीत. तुम्हाला १७ सांगणाऱ्याने बहुतेक हेच दोन धरले.

पण म्हणून त्यांना कोपऱ्यात ठेवू नका. 'रेलिक्स'चं कव्हर ड्रमर निक मेसनने स्वतः रेखाटलंय, आणि त्यातलं 'बायडिंग माय टाइम' आधी कुठेच आलेलं नव्हतं. 'डान्स साँग्ज'मधलं 'मनी' तर 'डार्क साइड'वरचं १९७३ चं नाहीच. कॅपिटॉल कंपनीने मूळ गाणं वापरू दिलं नाही, म्हणून बँडचा गिटारवादक गिल्मोरने ते नव्याने रेकॉर्ड केलं, बरीचशी वाद्यं एकट्याने वाजवून. दोन्ही रेकॉर्ड्स लागोपाठ लावून बघा, फरक कानाला लगेच कळतो.

सुनीता_सांगली

केदार, 'एंडलेस रिव्हर' मी नाही मोजत. 'डिव्हिजन बेल'च्या वेळी वाजवून ठेवलेलं साहित्य वीस वर्षांनी बाहेर काढलं. बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट तोवर गेलेले (२००८). माझ्यासाठी १४.

केदार_ठाणे

सुनीताताई, ऐकणाऱ्याचं मन म्हणून मान्य. पण त्या साहित्यावर गिल्मोर आणि मेसन यांनी नव्याने काम केलं आणि बँडच्या नावाने अल्बम म्हणून आणला. फलकावर १५ च हवेत. निक मेसन पंधराच्या पंधरांवर आहे, दुसरा कुणीही नाही. पहिल्यावर गिल्मोर नाही, 'फायनल कट'वर राइट नाही, १९८७ पासून बास वाजवणारा वॉटर्स नाही.

ओवी_नाशिक

खूप खूप आभार. आता एक नवीन कोडं. 'पायपर'ची गाणी सगळीकडे ११ दिलीत, बाबांच्या रेकॉर्डवर ९ च आहेत! पहिल्या बाजूचं पहिलं गाणं 'सी एमिली प्ले'. 'बाइक' नाहीच. रेकॉर्ड नकली असेल का?

तबकडी_डोंबिवली

नकली म्हणायची घाई नको! मधल्या गोल कागदावर 'टॉवर' असं नाव आहे का बघा. अमेरिकेत 'पायपर' त्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या त्या नावाखाली, निघाला होता. तिथे 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी', 'फ्लेमिंग' आणि 'बाइक' काढून, ब्रिटनमध्ये वेगळं सिंगल (एकाच गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड) म्हणून गाजलेलं 'सी एमिली प्ले' सुरुवातीला घातलं. अकरातून तीन वजा, एक अधिक, नऊ.

बाकीच्या रेकॉर्ड्सचेही गोल कागद वाचा. भारतात छापलेल्यांवर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, डमडम असा उल्लेख सापडेल. वर्ष लिहिताना वर्तुळातल्या 'पी'शेजारचं बघा, ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्याचं असतं. वर्तुळातल्या 'सी'शेजारचं वर्ष छापील मजकूर आणि चित्रांचं, ते पुढच्या आवृत्तीत बदललेलं असू शकतं. आणि 'कोलंबिया' दिसलं की थांबा. ब्रिटनमधलं ईएमआय कंपनीचं कोलंबिया, ज्यावर 'पायपर' निघाला, ते वेगळं, आणि 'विश यू वेअर हिअर' अमेरिकेत ज्यावर निघाला ते सीबीएस कंपनीचं कोलंबिया वेगळं.

सुनीता_सांगली

ओवी, त्या दिवशी एक काहीतरी वाजवणार असशील ना? 'मेडल'ची दुसरी बाजू लाव. अख्ख्या बाजूवर एकच 'इकोज', २३ मिनिटांचं. मध्ये उठून सुई हलवायला नको, माणसं शांत बसून ऐकतील.

ओवी_नाशिक

टॉवरच आहे! आणि कव्हरमध्ये बाबांची चिठ्ठी मिळाली: 'न्यू जर्सीहून मामांनी आणली. गाणी कमी आहेत, का ते शोधणे.'

फलकावर या रेकॉर्डखाली 'अमेरिकन आवृत्ती, ९ गाणी' असं लिहितेय आणि खाली तुम्ही सांगितलेलं कारण. चिठ्ठी शेजारीच मांडते. 'इकोज' पक्कं.