मध्यस्थाचे शुल्क एकट्याने भरू नये
भावंडांमधला वाद मिटवणाऱ्या मध्यस्थाचे सगळे शुल्क मोठा भाऊ स्वतः भरायला तयार आहे, तर हरकत काय, असा प्रश्न तुम्ही विचारला आहे. माझ्या मते हरकत आहे. नागपुरात महाल भागातल्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीत काकांनी असेच एकट्याने पैसे भरले होते, आणि तिसऱ्या बैठकीत मध्यस्थांनी काकांपुढे आधी चहा सरकवला एवढ्यावरून आत्या ‘हा तर तुमचाच माणूस’ म्हणून चपला घालून निघून गेली. 2023 च्या मध्यस्थता कायद्यातही, पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर, शुल्कासह सर्व खर्च सारखा वाटून घ्यावा अशीच तरतूद आहे.

मात्र खिशात हात घालण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे) चौकशी करावी, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, म्हणजे तुमच्या बहिणीला तरी पैशांपायी दबावे लागणार नाही. खासगी मध्यस्थच हवा असेल, तर शुल्क एकरकमी की दर बैठकीला, हे आधी लेखी ठरवावे, आमचे दर बैठकीला होते आणि बैठका लांबतच गेल्या.