मदत हवी आहे: ऑनलाइन वर्गात मुलांचा कान कसा तयार करायचा?

नमस्कार मंडळी. मी पुण्यातून साउंड रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग शिकवतो. यंदा ११ मुलं ऑनलाइन आहेत, सावंतवाडीपासून नांदेडपर्यंतची. सॉफ्टवेअर शिकवणं जमतं, स्क्रीन शेअर केली की झालं. अडतंय ते ऐकण्यापाशी.

मागच्या आठवड्यात डग्ग्याचा २५० हर्ट्झच्या आसपासचा गढूळपणा काढून दाखवत होतो. मला फरक स्वच्छ कळत होता, मुलं मात्र गप्प. शेवटी एक जण म्हणाली, "सर, दोन्ही सारखंच वाटतंय." ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत होती. शिवाय मीटिंगचं अ‍ॅप तानपुऱ्यालाही पंख्याची घरघर समजून दाबतं. नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट दाबणारी सोय) बंद केलं तरी डेटा वाचवायला आवाजाचे बारकावे कापणारं कॉम्प्रेशन राहतंच.

म्हणून आता वेव्ह फाइल्स (कॉम्प्रेशन नसलेला मूळ आवाज) आधीच पाठवतो. पण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबी खातो. पाच मिनिटांचे आठ ट्रॅक म्हणजे साडेतीनशे एमबी! फ्लॅक (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) केल्यावर आकार उतरतो, तरी गावाकडच्या मुलांना ते जडच जातं.

मुलं मेहनती आहेत हो. एकाने दोरीवर गोधड्या टाकून पेटी रेकॉर्ड केली, खोलीचा घुमारा जवळजवळ गेला होता.

कोणी असं शिकवलंय का? सगळ्यांना सारखंच ऐकू येईल असे परवडणारे वायरचे हेडफोन कोणते? आणि माइक चार बोटं सरकवल्यावर आवाज कसा बदलतो, हे दुरून कसं शिकवता?