सड्यावर उतरणाऱ्या मॉडेल विमानाला लेझर उंचीमापक: कोणता सेन्सर, कुठे बसवायचा?

घुमटवाला
मंडळी, सड्यावर (चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर) उतरवायचं विमान बाल्साचं (हलक्या लाकडाचं), पंख २.२ मीटर, वजन साडेतीन किलो, आर्डुपायलट या ऑटोपायलट प्रोग्रॅमवर चालणारं. उतरतानाचा वेग सेकंदाला १५ मीटर, खाली येण्याचा दर सेकंदाला दीड मीटर. अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारा) तीन-चार मीटर चुकतो. मग फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर उचलणं) एकदा हवेतच होतो, एकदा चाकं आपटल्यावर. हाताशी ८ मीटरचं स्वस्त लेझर मॉड्यूल आहे. खोलीत अचूक, पण दुपारच्या उन्हात चिऱ्यावर धरलं की अडीच मीटरच्या पुढे काही दिसत नाही. तर (१) सेन्सर कोणता घ्यावा, जितका लांब पल्ला तितका बरा ना? (२) सुटा लेझर डायोड आणि फोटोडायोड आणून घरीच सर्किट करावं का? (३) येण्याच्या वाटेवर खाजन (भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन) आहे, पाण्यावर चालेल का?

चिरेखाण
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: घरी सर्किट नको. प्रकाशाला १ मीटर जाऊन परत यायला ६.७ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे १० सेंटीमीटरची अचूकता हवी तर पाऊण नॅनोसेकंदाच्या आत मोजता आलं पाहिजे. शिवाय अदृश्य लेझर डोळ्यांना सुरक्षित आहे की नाही हे घरी तपासता येत नाही. क्लास १ शिक्का असलेलं तयार मॉड्यूल घ्या आणि घरचं कसब बसवण्यात नि प्रोग्रॅममध्ये दाखवा.

बॅरोमीटरचा दोष मानू नका. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ साडेआठ मीटर. खारं वारं सुटलं, बोर्ड तापला, एवढ्यावर तीन मीटर सहज सरकतात.

पल्ल्याचा आकडा ९० टक्के परावर्तन करणाऱ्या पांढऱ्या फळ्यावरचा असतो. ओला चिरा, काळा चिखल १० टक्क्यांच्या घरात. परतणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून पल्ला तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि वरून ऊन. टीएफ०२-प्रो हा ४० मीटरचा सेन्सर काळ्या जमिनीवर १३ च्या आसपासच समजा. तुमच्या दराने १२ मीटर म्हणजे आठ सेकंद. फ्लेअरला ते भरपूर झाले.

जोडणी: ५ व्होल्ट वेगळ्या बीईसीवरून (बॅटरीचा दाब उतरवून देणारं सर्किट), सर्व्होच्या लाईनवरून नको. सेन्सरच्या अगदी जवळ ४७० ते ६८० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर. टीएक्स-आरएक्स (पाठवणारी आणि घेणारी तार) उलटसुलट, ग्राउंड एकच. आर्डुपायलटच्या सेटिंगमध्ये सिरियल प्रोटोकॉल ९, बॉड (डेटाचा वेग) ११५, दिशा २५ (खाली). लँडिंगसाठी रेंजफाइंडर (हाच अंतर मोजणारा सेन्सर) वापरण्याचा पॅरामीटर वेगळा असतो. तो १ केला नाही तर आकडे स्क्रीनवर दिसतात, पण ऑटोपायलट ते वापरत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

दोन_पंख
आधी बसवण्याबद्दल. सेन्सरसाठी पोटाला पाडलेला झरोका उघडाच ठेवा. त्यावर अ‍ॅक्रिलिक लावलं की किरण तिथूनच परततो आणि विमान सतत २० सेंटीमीटरवर असल्याचं दिसतं. किरण तीन अंशांनी पसरतो, म्हणजे १० मीटरवर अर्ध्या मीटरचा ठिपका. त्यात चाक किंवा त्याची तार येता कामा नये. १० सेंटीमीटरच्या आत सेन्सर आंधळा असतो, म्हणून पोटावर उतरणारं विमान असेल तर तो खोल बसवा. जीपीएसपासून लांब ठेवा. पावसाळ्यात एसी गाडीतून काढल्या काढल्या उडवू नका, भिंगावर दव धरतं.

सेन्सर आणि ऑटोपायलट यांच्या मध्ये आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) घालणार असाल तर: सेन्सरकडून येणारी प्रत्येक फ्रेम ९ बाइटची, पहिले दोन हेक्स ५९, मग अंतराचे दोन, मग सिग्नलच्या ताकदीचे दोन, मग तापमानाचे दोन, शेवटचा चेकसम (चूक पकडणारी बेरीज). ताकद ६० च्या खाली गेली की ती फ्रेम फेकून द्या. सरासरी काढू नका. खरी उंची ५ असताना दहात एक आकडा ४५ चा आला तर सरासरी थेट ९ होते. पाच आकड्यांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या. १०० हर्ट्झवर (सेकंदाला १०० आकडे) उशीर दोन आकड्यांचा, तेवढ्यात तुमचं विमान तीन सेंटीमीटर खाली येतं.

आता पल्ला. सड्यावर लांब पल्ला घातक ठरतो, इथे माझं मत ठाम आहे. लेझर उतरण्याची जागा पाहत नाही, पोटाखालचं पाहतो. तुम्ही दरीवरून कडेकडे येता. १०० मीटरवाल्याला तळ पन्नास मीटर खाली दिसतो, ऑटोपायलट म्हणतो आपण फार वर आहोत, नाक खाली घालतो, आणि समोर सड्याची कड. म्हणून कमाल पल्ला मुद्दाम १० मीटरला बांधा. दरीत तो गप्प राहील आणि कड ओलांडल्यावर बोलू लागेल. टेकण्याची जागा कडेपासून १२० मीटर आत धरा: तुमच्या उतारावर कडेवर १२ मीटर उंची येते, बॅरोमीटर चार मीटरने फसला तरी आठ उरतात.

घुमटवाला
म्हणजे १०० मीटरवाल्या टीएफ०३ चे पैसे वाचले. कडेला माड आहेत, आणि पाण्याचं राहिलंच.

चिरेखाण
माडांची उंची १२ मीटरमध्ये बसणार नाही, तेव्हा येण्याची दिशा बदला; त्याला सेन्सर हा उपाय नव्हे.

पाण्यावर विसंबू नका. निवांत पाणी आरशासारखं: किरण अगदी सरळ पडला तर झगझगीत परतावा, विमान पाच अंश कललं की काहीच नाही. गढूळ भरतीचं पाणी थोडं दिसतं, म्हणून आकडे येत-जात राहतात आणि तेच जास्त फसवतात. १० मीटरच्या मर्यादेत खाजन बाहेरच राहील. पाण्यावरच उतरायचं असेल तर २४ गीगाहर्ट्झचा रडार लागेल. तो महाग आणि जड.

उडवण्याआधी भर दुपारी, टेप लावून १, ३, ५, १० मीटरवर कोरडा चिरा, ओला चिरा आणि गवत यांची ताकद लिहून ठेवा. पावसाळी गवत गुडघाभर असेल तर आकडा मधेच कुठेतरी येतो. उतरण्याच्या पट्टीवरचं गवत कापूनच घ्या.

आणि दाबोळी, मोपा या गोव्यातल्या दोन्ही विमानतळांचे हवाई झोन नकाशावर तपासा. साडेतीन किलो म्हणजे ड्रोनच्या नियमांत २ किलोच्या वरचा वर्ग.