मुंबई सिटीचं घर उलव्याला? माझा ठाम विरोध

पोयसरकर
काल इथे एका सदस्याने लिहिलं की मुंबई सिटी एफसीने, आपल्या फुटबॉल क्लबने, आता अंधेरीचा नाद सोडावा आणि नवी मुंबईत खारघर-उलवे पट्ट्यात चाळीस हजारांचं स्वतःचं स्टेडियम बांधावं. जागा मिळेल, विमानतळ शेजारी, अटल सेतू झालाच आहे. खाली सगळे 'एकदम बरोबर' लिहून मोकळे झाले. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

खाडी ओलांडून बघून झालंय आपलं. २०१४ आणि २०१५ हे दोन हंगाम आपण नेरूळला डी. वाय. पाटीलवर खेळलो. पहिल्याच घरच्या सामन्यात पुण्याला ५-० धुतलं, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक. यापेक्षा चांगला गृहप्रवेश कोणाचा झाला असेल? तरी ते कधी घर वाटलं नाही. क्रिकेटचं गोल मैदान ते. गोलमागे बसलात तर पलीकडचा गोलपोस्ट काडेपेटीएवढा दिसतो आणि तिकडे गोल झाला की मोठ्या पडद्यावर बघून ओरडायचं. २०१६ ला अंधेरीत शहाजीराजे भोसले संकुलात आलो, उरुग्वेचा फोर्लान होता, त्याच वर्षी इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिला नंबर. अंधेरीत पुढच्या रांगेत बसलं की कीपर बचावपटूंवर काय खेकसतोय ते शब्दन् शब्द कळतं. आणि आपण खेकसलो तर त्यांनाही कळतं. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो हाच.

आता चाळीस हजारांचं बघू. जून २०१८, भारत विरुद्ध चायनीज तैपेई, अंधेरीतच. आले किती? २,५६९. मग छेत्रीने व्हिडिओ करून हात जोडले आणि केनियाच्या सामन्याला स्टेडियम भरलं, ८,९९०. देशाचा कर्णधार विनवतोय, मेट्रो दाराशी आहे, तेव्हा कुठे नऊ हजार जमले. क्लबच्या मंगळवारच्या सामन्याला उलव्यात चाळीस हजार येतील हा हिशेब कोणी केला?

मला पंधरा हजारांचं हवंय. अंधेरीत, आहे त्याच जागी, नव्याने बांधलेलं.

नेरूळ सेक्टर सात
कालची पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देतो.

६ नोव्हेंबर २०२३. एएफसी चॅम्पियन्स लीग, सौदीचा अल हिलाल. सोमवार होता. नेमार जखमी, येणार नाही हे आधीच जाहीर झालेलं. तरी डी. वाय. पाटीलला तीस हजारांवर माणूस. हरलो ०-२, पण तो आवाज मी विसरणार नाही. अंधेरीत तो सामना घेताच आला नसता. त्याच स्पर्धेत इराणच्या नसाजीविरुद्धचा आपला 'घरचा' सामना कुठे झाला? पुण्याला, बालेवाडीत, धावपट्टीच्या पलीकडे बसून. मुंबईच्या क्लबचं घर पुण्यात चाललं, नेरूळ मात्र परकं?

आणि डी. वाय. पाटील गोल आहे म्हणून तर स्वतःचं बांधा म्हणतोय. तिथे जानेवारी २०२५ ला कोल्डप्ले, नोव्हेंबरात महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल. फुटबॉलला उरलेल्या तारखा. भाडेकरूचं असंच होतं. अंधेरीतही आपण महापालिकेचे भाडेकरूच आहोत, ते सोयीस्कर विसरलात.

पोयसरकर
त्या तीस हजारांपैकी कितीजण पुढच्या साखळी सामन्याला आले? अल हिलाल बघायला आलेला माणूस वेगळा आणि जमशेदपूरच्या सामन्याला येणारा वेगळा. स्टेडियम या जमशेदपूरच्या सामन्याला येणाऱ्यासाठी बांधायचं असतं.

गोरेगावची आई
तुम्ही दोघं आकडे मांडताय, मी घरी परत जायचं बोलते. माझी मुलगी नऊ वर्षांची, मला तिनेच या नादाला लावलं. साडेसातचा सामना साडेनऊला संपतो. नेरूळहून आम्ही आधी हार्बर, मग वडाळ्याला उतरून गोरेगावची गाडी. रविवार असेल तर मेगाब्लॉकमुळे संध्याकाळपर्यंत विस्कटलेलं वेळापत्रक. एकदा वडाळ्याच्या फलाटावर ती माझ्या खांद्यावर झोपली, तोंडावरचा निळा रंग माझ्या ओढणीला, आणि इंडिकेटरवर गाडी काही लागेना. घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले, सकाळी सातची शाळा. अंधेरीहून आम्ही अर्ध्या तासात घरी असतो. तिला मी उलव्याला नेणार नाही, सरळ सांगते. आणि जिथे कुठे बांधाल तिथे बायकांची स्वच्छतागृहं आधी मोजा. त्यावर एकही पुरुष बोललेला नाही अजून.

ठाकुर्लीचा कीपर
ताई, तुमचं पटतं. पण पश्चिम रेल्वेवाल्यांना मुंबई म्हणजे चर्चगेट ते विरार एवढीच दिसते, याचा मला खरंच राग येतो. आम्ही ठाकुर्लीहून अंधेरीला कसे येतो माहीत आहे? घाटकोपरला उतरायचं, मेट्रोच्या पुलावर संध्याकाळी सहाला खांद्याला खांदा लावून सरकायचं, मग आझाद नगर. कामाच्या दिवशी निम्मा पहिला हाफ बुडतो. नेरूळला यायचं तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, बसायला जागासुद्धा मिळते. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, इथे फुटबॉलवेडी पोरं कमी आहेत का? आम्हाला कोणी विचारतच नाही.

सांताक्रूझ पूर्व
क्लबचं नाव मुंबई सिटी, टोपणनाव आयलंडर्स. बेटावरचे. नवी मुंबई मुंबईत येत नाही, महापालिका वेगळी, जिल्हा वेगळा. ज्यांना तिथे क्लब हवा त्यांनी नवी मुंबई सिटी काढावा. विषय संपला.

नेरूळ सेक्टर सात
विषय तुमच्यापुरता संपला असेल. कुलाब्यापासून माहीमपर्यंतची ती सात बेटं. तुमचं सांताक्रूझ आणि तुमची अंधेरी त्यात कधी होती? जुन्या माणसांना विचारा, माहीमची खाडी ओलांडली की मुंबई सुटली म्हणायचे.

सांताक्रूझ पूर्व
साष्टी हेही बेटच आहे. नकाशा उघडून बघा.

नेरूळ सेक्टर सात
बघितला. मग ठाणेही बेटावर आणि मीरा-भाईंदरही. त्यांची महापालिका वेगळी, ते मुंबईकर चालतात, आम्ही नाही?

आता बोलायचंच तर बोलतो. माझे वडील परळच्या चाळीत वाढले, गिरणीत जॉबर होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी सुरू झालीच नाही. चाळीतली खोली विकली आणि सिडकोच्या घरात नेरूळला आलो, तेव्हा इथे दिवे कमी आणि डास जास्त. वडिलांनी मला पहिला फुटबॉल सामना कूपरेजला दाखवला होता. आम्ही हौसेने नाही खाडी ओलांडली. ज्यांना शहराने बाहेर काढलं त्यांनाच आता 'तुम्ही मुंबईचे नाही' ऐकवताय, आणि तेही एका फुटबॉल क्लबच्या नावाने. लाज वाटायला हवी.

सांताक्रूझ पूर्व
भावनेवर स्टेडियम बांधलं जात नाही.

गिरणगाव रोव्हर
भावनेवरच बांधलं जातं हो. नाहीतर ब्रेबर्न असताना चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे का उभं राहिलं? तिकिटांच्या वाट्यावरून भांडण झालं, मानापमान झाला, आणि सत्तरच्या दशकात चर्चगेट स्टेशनला लागून दुसरं स्टेडियम तयार. क्रिकेटला बेटाच्या टोकावर दोन-दोन आणि फुटबॉलला म्हणे उलवे. हे माझं जुनं दुखणं आहे आणि ते मी मांडणारच.

कूपरेजला मी रोव्हर्स कप बघितलाय. १८९१ ला सुरू झालेली स्पर्धा. कोलकात्याचे संघ यायचे, कुंपणाला लटकून बघणारी माणसं असायची. या शहरात फुटबॉल नव्हता असं कोणी म्हणू नये. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला संघच बंद झाला. ती पोरं कुठे गेली कोणी विचारलं नाही. गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या तेव्हा एक, फक्त एक मैदान फुटबॉलला द्यायला हवं होतं. टॉवर झाले, मॉल झाले. आता महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या १२० एकरांत पार्क करायचं ठरलंय. त्यात दहा-बारा एकर द्या. पश्चिम रेल्वे शेजारी, मध्य आणि हार्बरवाले दादर-भायखळ्याहून येतील. ठाकुर्लीचाही प्रश्न सुटला आणि गोरेगावचाही.

नेरूळवाल्या मित्रा, तुझे वडील आणि मी एकाच कुंपणाला लटकलो असू. तू मुंबईचाच. पण उलवे नको.

पोयसरकर
काका, रेसकोर्सवर स्टेडियम म्हटलं की पहिल्या दिवशी लोक कोर्टात जातील, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. शहरात मोकळी जमीन उरलीय कुठे? ती सिमेंटखाली घालून फुटबॉल वाढवायचा हे मला पटत नाही.

गिरणगाव रोव्हर
टॉवर बांधताना कोणाला मोकळी जमीन आठवली नाही. फुटबॉल आला की सगळ्यांना झाडं आठवतात.

पेठेतला
मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी कांजूरला. तुमचं भांडण वाचून बोलल्याशिवाय राहवेना. आमच्याकडं शाहू स्टेडियम गावाच्या मधोमध आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, सगळं चालत. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मॅच असली की दुकानं लवकर आवरतात. पोरगं, बाप आणि आजोबा एकाच तालमीचे. ना आनेल्का लागतो ना फोर्लान. माणूस चालत येतो आणि हरला तर भांडत चालत घरी जातो, म्हणून तो पुढच्या सामन्याला परत येतो. तेच स्टेडियम उचलून हायवेला नेऊन ठेवा, बघा निम्मं तरी भरतंय का. माझं मत अंधेरीला.

नेरूळ सेक्टर सात
कोल्हापूरचं उदाहरण मुंबईला लागू होत नाही. इथे कोण चालत येतं? आणि कोल्हापूरला मारामारीमुळे सामने थांबतात तेही सांगा.

पेठेतला
थांबतात की. लाजिरवाणंच आहे ते, मी समर्थन करत नाही. पण रिकाम्या चाळीस हजार खुर्च्यांपुढं खेळायची वेळ आमच्यावर आली नाही.

सासष्टीकर
गोव्याहून एक सांगू? तुमच्या क्लबचा सगळ्यात मोठा हंगाम २०२०-२१. साखळीत पहिलं आल्याची शील्ड बांबोळीत जिंकली, फायनलचा कप फातोर्ड्यात, नव्वदाव्या मिनिटाला बिपिनचा गोल. दोन्ही वेळा खुर्च्या रिकाम्या, कोविड होता. म्हणजे तुमच्या लोकांनी पहिला कप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाच नाही. अशा क्लबला आधी रोज भेटायची जागा हवी, मोठेपणाची नंतर. फातोर्डा १९ हजारांचं, मडगावला लागून, आमचं तर राज्यच फुटबॉलचं. तरी प्रत्येक सामन्याला तेसुद्धा भरत नाही. चाळीस हजार म्हणजे तुम्ही स्वतःला खड्ड्यात घालताय.

नेरूळ सेक्टर सात
ठीक. चाळीस हजार जास्त होतात, आकडा मागे घेतो. गोव्यात १९ भरत नसतील तर इथे वीसच्या वर जाऊ नये. पण जागेचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही. अंधेरीची जमीन महापालिकेची. दुसऱ्याच्या जागेवर कुठला मालक कोट्यवधी घालेल? २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपने आपल्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टरचा पैसा, आता बघा म्हणाले सगळे. अंधेरीत नवं स्टेडियम उभं राहिलं का? त्यानंतर दोनदा शील्ड, दोनदा कप, आणि पत्ता तोच, भाड्याचा.

पोयसरकर
हा मुद्दा मान्य करावा लागतोय, मनाविरुद्ध. मालकी नसेल तर कोणी पैसे घालणार नाही. पण उपाय उलवे नाही, दीर्घ मुदतीचा करार आहे. कोचीचं कलूर स्टेडियमही तिथल्या विकास प्राधिकरणाचं, तिथे खेळणाऱ्या केरळा ब्लास्टर्स क्लबचं नाही. दाराशी मेट्रोचं स्टेशन आहे आणि ते भरतं. महापालिकेने तीस वर्षांचा करार द्यावा. क्लबने स्टँड बांधावेत, सकाळी शाळांना मैदान द्यावं. वर्षाला बारा-तेरा घरचे सामने, बाकीचे दिवस पोरं खेळतील. उलव्यात बाकीचे साडेतीनशे दिवस काय करणार?

ठाकुर्लीचा कीपर
करार करा, पण त्यात सामन्याची वेळही लिहा. शनिवार-रविवारी साडेपाच. मग मी अंधेरीला मत देतो, बडबड न करता. साडेसातचा सामना मंगळवारी ठेवणार असाल तर माझं मत नेरूळलाच.

गोरेगावची आई
साडेपाचला माझं अनुमोदन. आणि स्वच्छतागृहं. लिहून घेतलंत का कोणी?

सांताक्रूझ पूर्व
वेळ टीव्हीवाले ठरवतात. क्लबच्या हातात काही नाही.

ठाकुर्लीचा कीपर
मग टीव्हीवाल्यांनीच येऊन बसावं स्टँडमध्ये.

गिरणगाव रोव्हर
महालक्ष्मीवर अजून कोणी धड उत्तर दिलेलं नाही. मी थांबलोय.